ऋण संख्येला भागताना: भागाकार आणि बाकी प्रत्येक भाषेत वेगळी का येते आणि आपला कोड कसा सांभाळायचा

एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासद-यादीसाठी मी छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. जन्मतारीख टाकली की त्या दिवशी कोणता वार होता तो शेजारच्या रकान्यात उमटावा, एवढंच काम. स्वतःची, बायकोची, मुलीची तारीख टाकून पाहिली. तिन्ही वार बरोबर आले. यादी छापून आली तेव्हा बहुतेक नावांपुढे वाराच्या जागी ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘असं काही सापडलं नाही’, असं होतं. ज्या मोजक्या सभासदांचे वार बरोबर आले होते ते सगळेच्या सगळे गुरुवारी जन्मलेले निघाले.

उत्तर त्या गुरुवारातच होतं. बऱ्याच संगणक-प्रणाली दिवस मोजायला १ जानेवारी १९७० पासून सुरुवात करतात, आणि तो दिवस गुरुवार होता. त्याचा क्रमांक ०, दुसऱ्या दिवसाचा १, आणि १९७०च्या आधीचे सगळे दिवस ऋण. मी दिवसाच्या क्रमांकाला ७ ने भागत होतो. बाकी ० आली तर गुरुवार, १ आली तर शुक्रवार, अशी सात वारांची क्रमवार यादी, म्हणजे अ‍ॅरे लावली होती. आमच्या घरातले सगळे १९७० नंतरचे, सभासद सगळे आधीचे. त्यांच्या बाबतीत जावास्क्रिप्टने बाकी उणे चार, उणे सहा अशी दिली आणि अ‍ॅरेमध्ये उणे चौथा वार नव्हता. गुरुवारवाल्यांना ७ ने पूर्ण भाग जात होता, म्हणून तेवढे वाचले.

हाच कोड पायथनमध्ये लिहिला असता तर एकही वार चुकला नसता. बाकी काढायचं चिन्ह तेच, %, आणि आकडेही तेच. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत, हे कळायला मला कागद-पेन घेऊन बसावं लागलं. तुम्हीही तसंच बसा. पुढचं सगळं त्याने सोपं जाईल.

आधी कागदावर

शाळेत भागाकाराचा ताळा करायला शिकवतात:

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी

७ ला ३ ने भागलं की भागाकार २, बाकी १. ताळा: ३ × २ + १ = ७. आता −७ ला ३ ने भागा. इथे दोन उत्तरं ताळ्यात बसतात.

पहिलं: भागाकार −२, बाकी −१. ताळा: ३ × (−२) + (−१) = −७.

दुसरं: भागाकार −३, बाकी २. ताळा: ३ × (−३) + २ = −७.

बाकी भाजकापेक्षा लहान हवी, ही अटही दोन्हीकडे पाळली जाते. शाळेत हा पेच पडत नाही, कारण बाकीचा भागाकार आपण लहान वर्गांत शिकतो आणि ऋण संख्या बऱ्याच नंतर भेटतात. त्या भेटेपर्यंत भागाकाराचं उत्तर अपूर्णांकात लिहायची सवय झालेली असते. ‘उणे सातला तीनने भागून बाकी सांगा’ असं आपल्याला कोणी विचारलेलं नसतं. तो प्रश्न पहिल्यांदा विचारतो तो संगणक.

खरा भागाकार −२.३३... आहे, म्हणजे −३ आणि −२ यांच्या मधला. पूर्णांक हवा असेल तर या दोघांपैकी एकावर टेकावं लागतं. कुठे टेकायचं ते एकदा ठरलं की बाकीच्या बाबतीत निवडीला जागाच उरत नाही. ताळा जमवण्यासाठी जी लागेल तीच बाकी. म्हणून ‘या भाषेत बाकीचं चिन्ह काय येतं?’ यापेक्षा ‘या भाषेत भागाकार कोणत्या बाजूला टेकतो?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून पहिल्याचं उत्तर आपोआप निघतं, उलटं पाठ करायला गेलात तर आठवड्याभरात विसराल.

दोन्ही उत्तरं व्यवहारातलीच आहेत. तिघा मित्रांवर मिळून ७ रुपयांचं कर्ज आहे आणि ते पूर्ण रुपयांत वाटायचं आहे: प्रत्येकी २ रुपयांचं देणं आणि १ रुपयाचं देणं शिल्लक. हे झालं −२ आणि −१. आता घड्याळ घ्या: मध्यरात्रीच्या ७ तास आधी किती वाजले होते? कुणीही ‘उणे सात वाजले होते’ म्हणत नाही, आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजले होते म्हणतो. म्हणजे −७ ला २४ ने भागून दिवस −१, तास १७. कर्जात शून्याच्या दिशेने टेकलो, घड्याळात खालच्या दिशेने.

तीन पद्धती, एक तक्ता

बोलायला सोपं जावं म्हणून मी तीन पद्धतींना तीन नावं देतो.

छाट पद्धत: दशांश चिन्हापुढचं सरळ छाटून टाकायचं, म्हणजे शून्याच्या दिशेने टेकायचं. बाकीला भाज्याचं चिन्ह मिळतं.

तळ पद्धत: नेहमी संख्यारेषेवर डावीकडच्या, म्हणजे लहान पूर्णांकावर टेकायचं. बाकीला भाजकाचं चिन्ह मिळतं.

युक्लिड पद्धत: बाकी कधीच ऋण नको, ही अट आधी आणि भागाकार त्या अटीनुसार. गणिताच्या पुस्तकातलं भागाकाराचं प्रमेय हेच सांगतं.

| भाज्य, भाजक | छाट | तळ | युक्लिड |
|---|---|---|---|
| ७, ३ | २, बाकी १ | २, बाकी १ | २, बाकी १ |
| −७, ३ | −२, बाकी −१ | −३, बाकी २ | −३, बाकी २ |
| ७, −३ | −२, बाकी १ | −३, बाकी −२ | −२, बाकी १ |
| −७, −३ | २, बाकी −१ | २, बाकी −१ | ३, बाकी २ |

प्रत्येक खणाचा ताळा एकदा स्वतःच्या हाताने करा. दुसऱ्या ओळीवर जरा थांबा: भाजक धन असला की तळ आणि युक्लिड एकच उत्तर देतात. प्रत्यक्ष कामात भाजक जवळजवळ नेहमी धनच असतो (७ वार, ६० मिनिटं, अ‍ॅरेची लांबी), त्यामुळे रोजच्या कोडमध्ये निवड खरं तर दोघांतच आहे, छाट की तळ.

आपली भाषा कोणत्या बाजूची

छाट पद्धतीवाल्यांची गर्दी मोठी आहे: सी, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, गो, रस्ट, स्विफ्ट, कोटलिन, पीएचपी. जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्यांना पूर्णांक भागाकाराचं चिन्ह नाही, पण तिथलं % छाट पद्धतीचं आहे. बॅश शेलचं गणितही असंच. डेटाबेसमध्ये पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघांची बाकी भाज्याचं चिन्ह घेते.

तळ पद्धतीत पायथन, रुबी, आर, आणि ५.३ आवृत्तीपासून लुआचं // चिन्ह. पर्लचं % सुद्धा भाजकाचं चिन्ह घेतं. पायथनबद्दल एक लक्षात ठेवा: तिथे / हे चिन्ह अपूर्णांकात उत्तर देतं आणि पूर्णांकासाठी // वापरावं लागतं. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी वापरली जाणारी नम्पाय लायब्ररी पायथनचाच नियम पाळते. म्हणून डेटाचं काम करणाऱ्यांनी सांभाळायचं: एखादा रकाना पोस्टग्रेसच्या क्वेरीत % ने काढला आणि तोच पुन्हा पांडासमध्ये (पायथनची तक्त्यांसाठीची लायब्ररी) % ने काढला, तर ऋण ओळींवर दोन वेगळे आकडे येतात, एरर कुठेच येत नाही.

मला सगळ्यात आवडतात त्या भाषा, ज्या दोन्ही पद्धती नाव देऊन समोर ठेवतात. हॅस्केलमध्ये ‘क्वोट’ आणि ‘रेम’ ही छाटीची जोडी, ‘डिव’ आणि ‘मॉड’ ही तळाची जोडी. एडा, फोर्ट्रान ९०, कॉमन लिस्प, क्लोजर, ज्युलिया यांच्याकडेही बाकीची दोन वेगळी फंक्शनं आहेत. झिग तर आणखी पुढे गेली: धन-ऋण दोन्ही होऊ शकणाऱ्या व्हेरिएबलवर तुम्ही नुसतं भागाकाराचं चिन्ह वापरलंत तर कंपायलर तिथेच अडवतो आणि छाट हवी की तळ ते लिहायला लावतो. मला हा कडकपणा योग्य वाटतो. ज्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत तो माणसाला विचारलाच पाहिजे.

एक्सेल वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे जोडीच जुळत नाही. ‘मॉड’ तळाच्या नियमाने चालतं आणि ‘कोशंट’ छाटीच्या. −७ आणि २ दिले तर कोशंट −३ देतं, मॉड १ देतं. ताळा करा: २ × (−३) + १ = −५. उणे सात कुठेच नाहीत. मॉडसोबत भागाकार हवा असेल तर भागून आलेल्या उत्तरावर ‘इंट’ लावा. ते खाली टेकतं आणि −४ देतं, मग ताळा जमतो. त्याच एक्सेलच्या मॅक्रोत, म्हणजे व्हीबीएमध्ये, मॉड पुन्हा छाटीचं आहे: −७ आणि ३ साठी शीटवर २ येतात, मॅक्रोत −१. डार्ट भाषेतही अशीच फट आहे, तिथलं % युक्लिडचं आणि ~/ छाटीचं.

असं का झालं

याचं एक कारण हार्डवेअरमध्ये आहे. इंटेलच्या x८६ घराण्यातल्या प्रोसेसरची चिन्हासहित भागाकाराची सूचना छाटते आणि बाकीला भाज्याचं चिन्ह देते. एआरएमची सूचनाही शून्याकडे टेकते. चिन्ह बाजूला ठेवून धन संख्यांचा भागाकार करायचा आणि शेवटी चिन्ह लावायचं, हे सर्किटला सोपं पडतं.

दुसरं कारण फोर्ट्रान ही जुनी भाषा. तिथे पहिल्यापासून छाट होती. सी भाषेच्या १९८९च्या स्टँडर्डने मात्र हा प्रश्न मोकळा सोडला: ऋण संख्या असेल तर कोणत्या बाजूला टेकायचं ते ज्याने त्याने ठरवावं, फक्त ताळा जमला पाहिजे. त्यामुळे एकच कोड दोन यंत्रांवर दोन उत्तरं देऊ शकत होता. १९९९च्या स्टँडर्डने छाट सक्तीची केली, आणि फोर्ट्रानशी जुळतं घेणं हे त्यामागचं सांगितलेलं कारण होतं. सी प्लस प्लसने तोच नियम २०११ मध्ये घेतला. जावा, सी शार्प, गो वगैरे सीच्याच वळणावर वाढल्या.

पायथन वेगळ्या वाटेने गेली. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी त्याचं कारण सांगताना १९७०च्या आधीच्या वेळेचंच उदाहरण दिलं आहे: सेकंदांच्या आकड्याला ८६,४०० ने भागून दिवसातली वेळ काढायची असेल तर छाटीने ऋण बाजूला अर्थहीन उत्तर येतं. गणिताच्या बाजूने संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी मॉडची व्याख्या तळावरच केली, आणि १९९२ मध्ये रेमंड बूट यांनी युक्लिड पद्धतच भाषांनी घ्यावी असं मांडलं. वाद जुना आहे आणि दोन्हीकडे विचार करणारी माणसं आहेत.

एक तारीख शेवटपर्यंत सोडवू: १ मे १९६०

महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो दिवस. १९७०च्या आधीचा, म्हणून आपल्या कामाचा. चला, आकडे घेऊ.

१ मे १९६० ते १ मे १९६९ ही नऊ वर्षं. ९ × ३६५ = ३,२८५, अधिक १९६४ आणि १९६८च्या फेब्रुवारीतला एकेक दिवस, म्हणजे ३,२८७. (१९६० चं २९ फेब्रुवारी १ मेच्या आधीच होऊन गेलं, ते धरायचं नाही.) १ मे १९६९ ते १ जानेवारी १९७०: मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, मिळून २४५. एकूण ३,५३२. म्हणून १ मे १९६० चा दिवस-क्रमांक −३,५३२.

७ × ५०४ = ३,५२८, वर ४. छाट पद्धतीने बाकी −४. तळ पद्धतीने भागाकार −५०५ आणि बाकी ३. गुरुवारपासून तीन पुढे: शुक्र, शनि, रवि. १ मे १९६० ला रविवारच होता.

आता वेळ. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे आहे. १ मेची भारतातली मध्यरात्र सेकंदांत मांडली तर:

−३,५३२ × ८६,४०० − १९,८०० = −३०,५१,८४,६००

डेटाबेसमध्ये हाच आकडा साठवलेला असतो. त्यावरून जागतिक वेळ काढायची आहे. छाट पद्धतीने ८६,४०० ने भागलं तर दिवस −३,५३२ आणि बाकी −१९,८००, म्हणजे ‘१ मे, उणे साडेपाच वाजता’. तळ पद्धतीने दिवस −३,५३३ आणि बाकी ६६,६००, म्हणजे ३० एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा. दुसरं उत्तर घड्याळात दाखवता येतं आणि ते बरोबरही आहे.

इथे बारकाईने पाहा: छाटीत बाकी तर बिघडलीच, शिवाय दिवसही एकाने चुकला. बरेच जण बाकी ऋण आली की तिच्यात भाजक मिळवतात आणि भागाकार तसाच सोडतात. मग ‘१ मे, संध्याकाळचे साडेसहा’ अशी तारीख तयार होते. ती दिसायला इतकी व्यवस्थित असते की कुणाला शंकाही येत नाही. बाकीत भाजक मिळवला की भागाकारही एकाने कमी करायचा, दोन्ही एकाच वेळी.

जुन्या ज्योतिर्गणितात वार काढायची रीत हीच आहे. कलियुगाच्या आरंभापासून लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, सातने भागायचे आणि बाकी शुक्रवारपासून मोजायची. तो आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरलेला, त्यामुळे ज्या तारखा गणिताला लागतात त्या सगळ्या धन बाजूलाच पडतात. ही युक्ती आजही चालते: आरंभबिंदू इतका मागे न्या की ऋण संख्या येणारच नाही. आपल्या उदाहरणात ७ च्या पटीतली मोठी संख्या, समजा ७,००,०००, आधी मिळवून मग भागलं तरी वार बरोबर येतो. फक्त किती मागपर्यंतच्या तारखा येऊ शकतात ते आधी माहीत हवं.

कुठे काय निवडायचं

जे गोल फिरतं त्याला तळ. वार, तास, महिने, अंश, गोलाकार रांगेतला पुढचा-मागचा माणूस, स्लाइडशोमधलं ‘मागील’ बटण. पहिल्या चित्रावर असताना मागे गेलं की इंडेक्स −१ होतो आणि तो शेवटच्या चित्रावर यायला हवा.

जे समान खणांत विभागलेलं आहे त्यालाही तळ. नकाशावर किंवा गेममध्ये दर १० एककांचा एक खण असेल तर छाट पद्धतीने ० ते ९ शून्याव्या खणात जातात, आणि −१ ते −९ सुद्धा शून्याव्याच खणात जातात. इतर प्रत्येक खणात दहा संख्या, शून्याच्या खणात एकोणीस. आलेख काढताना मधलाच एक स्तंभ उगाच दुप्पट उंच दिसला तर आधी हे तपासा.

छाट हवी ती जिथे चिन्ह वेगळं आणि परिमाण वेगळं वाचलं जातं तिथे. खात्यावर −१५० पैसे आहेत. माणूस वाचतो ‘उणे एक रुपया पन्नास पैसे’. छाटीने रुपये −१, पैसे −५०. पैशांचं चिन्ह काढलं की छापायला तयार. तळाने रुपये −२, पैसे ५०, आणि कोडने ते शेजारी शेजारी छापलं तर −२.५० दिसतं. चक्क एक रुपयाचा फरक. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेतीन तास मागे आहे, म्हणजे −२१० मिनिटं. पायथनमध्ये ६० ने सरळ भागलंत तर −४ आणि ३० मिळतात, आणि पडद्यावर −४:३० उमटतं. पायथनचा कालावधीचा प्रकारच −२१० मिनिटं ‘उणे एक दिवस, २०:३०:००’ अशी छापतो. गणित चोख आहे, माणसाला दाखवण्यालायक नाही. अशा ठिकाणी माझी पद्धत एकच: चिन्ह आधी काढून बाजूला ठेवायचं, धन संख्येचा भागाकार करायचा, शेवटी पुढे चिन्ह लावायचं. मग भाषा कोणतीही असो.

हवी ती पद्धत मिळवायची कशी

तयार फंक्शन असेल तर तेच घ्या. जावामध्ये आठव्या आवृत्तीपासून (२०१४) ‘फ्लोअरडिव’ आणि ‘फ्लोअरमॉड’ आहेत. कोटलिनमध्ये १.५ पासून ‘मॉड’ आहे. रस्टमध्ये १.३८ पासून (२०१९) ‘डिव युक्लिड’ आणि ‘रेम युक्लिड’. गोमध्ये साध्या पूर्णांकांना छाटच, पण मोठ्या संख्यांच्या पॅकेजमध्ये ‘डिव-मॉड’ युक्लिडचे आणि ‘क्वो-रेम’ छाटीचे.

नसेल तर छाटीवरून तळ असा काढा:

१. भागाकार आणि बाकी दोन्ही भाषेच्या चिन्हांनी काढा.
२. बाकी शून्य असेल तर थांबा, काहीही बदलू नका.
३. बाकीचं आणि भाजकाचं चिन्ह वेगळं असेल तर बाकीत भाजक मिळवा आणि भागाकारातून १ वजा करा.

दुसरी पायरी गाळू नका. −६ ला ३ ने भागताना भागाकार −२ च राहिला पाहिजे.

फक्त बाकी हवी असेल तर ‘बाकी काढा, भाजक मिळवा, पुन्हा बाकी काढा’ ही एका ओळीची रीत सर्रास दिसते: ((न % म) + म) % म. धन भाजकाला ती चालते. पण ३२ बिटांत भाजक सुमारे १०७ कोटींच्या वर गेला की मधली बेरीज ओव्हरफ्लो होऊ शकते, म्हणजे तेवढ्या बिटांत मावत नाही. ‘बाकी ऋण असेल तरच भाजक मिळवा’ हे लिहायला एक ओळ जास्त, पण बिनधोक.

उलट दिशेने, पायथनमध्ये छाट हवी असेल तर / ने भागून पूर्णांकात बदलायचा मोह होतो. मधे अपूर्णांक येतो आणि तो ५३ बिटांपर्यंतच अचूक असतो. मोठ्या आकड्यांत शेवटचे अंक बिघडतात. त्याऐवजी वर सांगितल्याप्रमाणे चिन्ह बाजूला ठेवून // वापरा. पायथनमध्ये वरच्या बाजूला टेकायचं असेल तर सुंदर युक्ती आहे: भाज्याचं चिन्ह बदला, // ने भागा, उत्तराचं चिन्ह पुन्हा बदला. −(−७ // ३) म्हणजे ३.

घात करणाऱ्या जागा

विषम संख्या तपासताना ‘न % २ बरोबर १’ असं लिहू नका. जावा, सी, जावास्क्रिप्टमध्ये −७ ची बाकी −१ येते आणि उणे सात विषम नाहीत असा निकाल लागतो. ‘शून्य नाही’ असं तपासा. ते सगळीकडे चालतं.

जावामधला हॅशकोड (एखाद्या वस्तूवरून काढलेला पूर्णांक) ऋण असू शकतो. तो अ‍ॅरेच्या लांबीने भागून बाकीला इंडेक्स बनवलंत तर कधीतरी प्रोग्राम कोसळेल. त्यावर उपाय म्हणून चिन्ह काढून टाकणारं ‘अ‍ॅब्स’ लावणंही पुरत नाही, कारण सगळ्यात लहान पूर्णांकाचं अ‍ॅब्स घेतलं तरी तो ऋणच राहतो. तिथे फ्लोअरमॉडच वापरा.

तो सगळ्यात लहान पूर्णांक, ३२ बिटांत −२,१४,७४,८३,६४८, आणखी एका ठिकाणी त्रास देतो. त्याला −१ ने भागलं तर उत्तर धन बाजूला मावत नाही. जावा आणि गो तोच ऋण आकडा परत देतात. रस्ट पॅनिक होते, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवते. सीमध्ये हे अनिर्धारित वर्तन आहे, म्हणजे काय घडेल याची हमी नाही, आणि x८६ वरच्या लिनक्समध्ये प्रोग्राम सहसा ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ असा निरोप देऊन मरतो. कोडमध्ये एकही अपूर्णांक नसताना हा निरोप आला तर दशांश शोधत बसू नका, भागाकार शोधा.

उजवीकडे एक बिट सरकवणं म्हणजे २ ने भागणं, असं समजून बदल करणारे पुष्कळ आहेत. −७ सरकवले की −४ मिळतात, छाटीने भागले की −३. सरकवणं तळाचं असतं. तसंच −७ & ७ केलं (बिटनिहाय ‘अँड’) की १ मिळतो, म्हणजे ८ ने भागून तळ पद्धतीची बाकी. वेग हवा म्हणून हात लावू नका, कंपायलर योग्य ती दुरुस्ती करून बिट स्वतःच सरकवतो.

रस्टमध्ये आकड्यालाच ठिपका देऊन −७ चा ३ ने रेम युक्लिड मागितला तर −१ येतो, कारण आधी ७ ची बाकी काढली जाते आणि उणे चिन्ह नंतर लागतं. −७ भोवती कंस घाला, मग २ येतील. मी यात अर्धी दुपार घालवली आहे.

जावास्क्रिप्टमध्ये −६ % ३ चं उत्तर उणे शून्य येतं. तुलनेत ते शून्याइतकंच ठरतं, अ‍ॅरेच्या इंडेक्सलाही चालतं (गुरुवारवाले सभासद याच वाटेने सुटले), पण काही टेस्ट लायब्ररी काटेकोर तुलनेत शून्य आणि उणे शून्य वेगळे धरतात. टेस्ट विनाकारण लाल दिसली तर हे आठवा.

तपासणी

नवीन भाषा हातात घेतली की तक्त्यातल्या चार जोड्या आणि −६, ३ अशा पाच ओळी चालवून पाहा. दोन मिनिटांत ती भाषा कोणत्या बाजूची ते कळतं. भागाकाराचं चिन्ह आणि बाकीचं चिन्ह दोन्ही चालवा. एक्सेल आणि डार्टची फट त्याशिवाय दिसत नाही.

एका भाषेतून दुसरीत कोड नेताना % जिथे जिथे आहे ती प्रत्येक जागा शोधा आणि विचारा: इथला भाज्य ऋण होऊ शकतो का? वजाबाकीतून आलेला असेल, तारखेतून किंवा नकाशातून आलेला असेल, वापरणाऱ्याने टाकलेला असेल, तर होऊ शकतो असंच धरा. अशा जागी उघडं % ठेवू नका. ‘तळबाकी’ किंवा ‘छाटबाकी’ असं नाव दिलेलं फंक्शन ठेवा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तुमचा हेतू कळेल.

स्वतः फंक्शन लिहिलं असेल तर भाज्य −२० ते २० आणि भाजक −५ ते ५ (शून्य वगळून) अशा सगळ्या ४१० जोड्यांवर दोन गोष्टी तपासा: ताळा जमतो का, आणि बाकी ठरलेल्या चिन्हाची व (चिन्ह सोडून) भाजकापेक्षा लहान आहे का. त्यानंतर सगळ्यात लहान पूर्णांक आणि −१ ही जोडी वेगळी.

तारखांच्या कोडसाठी १९७०च्या आधीची निदान एक तारीख टेस्टमध्ये ठेवा, आणि ती गुरुवारची नको. माझ्याकडे १ मे १९६० आहे: दिवस −३,५३२, रविवार. तिच्या खालच्या ओळीत −३०,५१,८४,६०० सेकंद, आणि पुढे अपेक्षित उत्तर, ३० एप्रिल, १८:३०.